एका बोलीचे दोन वतनदार

तिकोणा पेठ हें पवन मावळांतील लहानसें गांव आहे. डोईवर तिकोणा किल्ला, समोर तुंग, खालीं पवनेच्या धरणाचें पाणी आणि पलीकडे लोहगड-विसापूरची जोडी. तिकोण्याचें दुसरें नांव वितंडगड. हें नांव प्रथम ऐकलें तेव्हां वितंडवादाची आठवण होऊन आम्हांस हसूं आलें होतें. पुढें ज्या गोष्टीनें हा लेख लिहिण्याची बुद्धि झाली ती नेमकी त्याच किल्ल्याच्या पायथ्याशीं घडली, हा केवळ योगायोग होय.

एका पावसाळ्यांत आम्ही तेथील एका स्नेह्यांकडे चार दिवस मुक्कामास होतों. त्यांचे चिरंजीव गांवकऱ्यांचे अर्ज भरून देणें, सातबाऱ्याचे उतारे काढून देणें अशीं कामें घरच्या संगणकावर करितात. आमच्या मुक्कामांतच विजेच्या झटक्यानें तो संगणक निकामी झाला. यंत्र जुनें होतें व त्याच्या पेटीवर एएमडी कंपनीचें चिन्ह होतें. दुसऱ्या दिवशीं चिरंजीवांनीं कामशेतहून एक वापरलेली पेटी आणिली. तिच्यावर इंटेलचें चिन्ह होतें. जुन्या पेटींतील साठवणीची डबी काढून त्यांनीं नव्या पेटींत बसविली, कळ दाबली, आणि थोडा वेळ घुटमळून यंत्र चालूं लागलें. तींच कागदपत्रें, तोच मराठी टंक, तेच अर्धवट राहिलेले अर्ज! चिरंजीवांस यांत कांहींच नवल वाटलें नाहीं. आम्हांस मात्र वाटलें. एका कारखान्याच्या कुलपाची किल्ली दुसऱ्या कारखान्याच्या कुलपास लागत नाहीं. मग ज्या दोन कंपन्यांनीं वर्षानुवर्षें एकमेकींस न्यायालयांत खेंचलें, त्यांच्या यंत्रांस एकमेकांचे कागद वाचतां यावे हें कसें? स्नेही जवळच एका गटाचा उतारा वाचीत बसले होते. त्यावर सात भाऊबंदांचीं नांवें होतीं. चष्मा वर न करितांच ते म्हणाले, "मूळ पुरुष एक असेल, दुसरें काय?" आम्हीं घरीं परत येऊन हा इतिहास चाळला, तों उत्तर तेंच निघालें.

प्रोसेसर हें संगणकाचें अंतःकरण असें म्हणण्याची चाल आहे. आम्हांस तो अत्यंत चपळ परंतु अल्पमति कारकून वाटतो. ही संख्या उचल, ती तींत मिळीव, दोहोंची तुलना कर, लहान असल्यास अमुक ओळीवर जा, अशा ठराविक आज्ञाच त्यास समजतात, व प्रत्येक आज्ञेस एक अंक नेमून दिलेला असतो. हिशेबाचा असो कीं चित्रांचा असो, कोणताही कार्यक्रम शेवटीं या अंकांच्या माळेंत उतरवावा लागतो. आज्ञांची ही यादी म्हणजेच त्या प्रोसेसरची बोली. ज्या दोन प्रोसेसरांची बोली एक, त्या दोहोंवर तोच कार्यक्रम चालतो. मग आंतली रचना कितीही निराळी असो. इंटेल व एएमडी यांची बोली एकच असून तिला एक्स-८६ असें नांव आहे. माणसांच्या बोलीस मालक नसतो. या बोलीस मात्र आहे. ती बोलणारा प्रोसेसर करावयाचा तर पेटंटांचा परवाना, म्हणजे एक प्रकारची सनदच, जवळ असावी लागते. ती सनद दुसऱ्या घरास कशी मिळाली हीच या कथेंतील मुख्य गोष्ट होय.

कथेचा आरंभ कॅलिफोर्नियांतील फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर या कंपनींत होतो. आठ तरुण शास्त्रज्ञ आपला पहिला धनी सोडून बाहेर पडले व त्यांनीं १९५७ सालीं ती उभारली. पुढें तिच्यांतूनच माणसें फुटत गेलीं आणि जो तो आपलें दुकान मांडूं लागला. रॉबर्ट नॉइस व गॉर्डन मूर यांनीं १८ जुलै १९६८ रोजीं इंटेल स्थापिली. दहा महिनेही पुरते लोटले नाहींत तोंच, १ मे १९६९ रोजीं, फेअरचाइल्डचेच विक्रीप्रमुख जेरी सँडर्स यांनीं सात सोबत्यांसह अ‍ॅडव्हान्स्ड मायक्रो डिव्हायसेस, म्हणजे एएमडी, काढिली. एक घर पंडितांचें, दुसरें विक्रेत्याचें. पहिल्याकडे भांडवल आपण होऊन चालत आलें. दुसऱ्यास तें दारोदार फिरून गोळा करावें लागलें. एएमडीचा आरंभींचा धंदाही दुय्यमच होता: दुसऱ्यांनीं योजिलेले तुकडे त्यांच्या नमुन्याबरहुकूम, पण अधिक काटेकोर कसोटी लावून, करून विकणें.

आजच्या वाचकांस ही निव्वळ नक्कल वाटेल. परंतु त्या काळीं तिला बाजारांत मान होता. कारखान्यास आग लागली, संप झाला अथवा माल बिघडला तर आपलें काम अडूं नये म्हणून मोठे गिऱ्हाईक एका वस्तूस दोन करणारे असल्यावांचून ती विकत घेत नसे. म्हणून शोधकर्ता स्वतःच दुसऱ्यास परवाना देई. इंटेलचा पहिला प्रोसेसर, ४००४, हा नोव्हेंबर १९७१ मध्यें एका जपानी गणकयंत्र-कंपनीच्या मागणीवरून बाहेर पडला. त्यांत २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९७८ मध्यें ८०८६ आला, त्यांत सुमारें २९,००० होते. एक्स-८६ बोलीचा मूळ पुरुष तो हाच. त्याचाच स्वस्त भाऊ ८०८८ हा आयबीएमनें ऑगस्ट १९८१ मध्यें आणिलेल्या घरगुती संगणकांत बसला. आयबीएम हें त्या वेळचें सर्वांत बडें गिऱ्हाईक. त्यानें आपला नेहमींचा आग्रह धरिला कीं, दुसरा करणारा दाखवा. इंटेलनें एएमडीस पुढें केलें, आणि १९८२ सालीं उभयतांमध्यें दहा वर्षांचा करार झाला. आपला प्रतिस्पर्धी इंटेलनें असा गिऱ्हाइकाच्या हट्टापायीं स्वतःच्या हातानें गादीजवळ आणून बसविला.

आमच्याकडे पाटीलकीच्या वतनांत थोरली तक्षीम व धाकटी तक्षीम असे भाग पडत. उत्पन्नापेक्षां मानपानावरून अधिक डोकीं फुटत: पोळ्याच्या दिवशीं कोणाचे बैल पुढें, विडा आधीं कोणास, महजरावर निशाणी प्रथम कोणाची. असले जुने कज्जे ज्यानें वाचले आहेत त्यास १९८२ नंतरचा हा इतिहास अगदीं ओळखीचा वाटेल.

१९८५ सालीं दोन गोष्टी एकदमच घडल्या. इंटेलचा मूळ धंदा स्मृतीचे तुकडे करण्याचा होता. जपानी कारखान्यांच्या स्वस्ताईपुढें टिकाव न लागून त्या वर्षीं तिनें तो सोडून दिला. त्याच वर्षीं तिचा ८०३८६ हा नवा प्रोसेसर तयार झाला. एक शेत गेलें असतां उरलेल्या शेतांत कोण वाटेकरी ठेवील? ३८६ ची विद्या एएमडीस द्यावयाची नाहीं असें इंटेलनें ठरविलें. पूर्वीं आयबीएमचा धाक होता. परंतु १९८६ मध्यें कॉम्पॅक या तुलनेनें लहान कंपनीनेंच आयबीएमच्या आधीं ३८६ चा संगणक बाजारांत आणिला आणि तो धाकही ओसरला. करार कागदावर तसाच होता. येथें मावळांतीलच एक प्रसंग आठवतो. जानेवारी १७७९ मध्यें बोरघाट चढून आलेली मुंबईकर इंग्रजांची फौज वडगांवास मराठ्यांच्या वेढ्यांत सांपडली व तिला तहावर सही करावी लागली. फौज सुटतांच वरिष्ठांनीं तो तह नाकारला. अडचणींत केलेला करार अडचण सरल्यावर पाळणारे थोडेच, मग ती इंग्रजांची कंपनी असो वा सिलिकॉनची.

एएमडीनें १९८७ मध्यें लवादाकडे धांव घेतली. निकालास १९९२ साल उजाडलें. लवादानें इंटेलनें सचोटीनें करार पाळला नाहीं असा ठपका ठेविला, तसेंच एएमडीनेंही वेळींच स्वतःच्या पायांवर उभें राहावयास हवें होतें अशी कानउघाडणी केली. नुकसानभरपाई एक कोट डॉलर्स. पण खरें मोल तिच्या जोडीच्या हुकुमाचें होतें: ३८६ च्या आपल्या आवृत्तीपुरता इंटेलच्या पेटंटांचा उपयोग एएमडीस विनामूल्य करितां येईल. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें ३० डिसेंबर १९९४ रोजीं हा निवाडा कायम केला. त्याच्या कितीतरी आधीं, मार्च १९९१ मध्यें, एएमडीनें न्यायाची वाट न पाहतां स्वतः उलगडून तयार केलेला ३८६ बाजारांत आणिला होता व तो इंटेलच्याहून कांहींसा वेगवानच होता. नांवही तेंच ठेविलें. इंटेलनें दावा लाविला, तेव्हां आकडा हा कोणाच्या मालकीचा होऊं शकत नाहीं असें न्यायालयानें सांगितलें. म्हणून १९९३ सालच्या पांचव्या पिढीस इंटेलनें ५८६ न म्हणतां ग्रीक 'पेंटा'वरून पेंटियम म्हटलें. आपल्या 'पंच'चा हा सख्खा भाऊ एका दाव्यांतील पराभवानें जगभर घरोघर पोंचला.

पेंटियमच्या प्रकरणांत पुण्याचा थोडा संबंध येतो. त्या कामाचे एक प्रमुख विनोद धाम यांचा जन्म १९५० चा, पुण्यांतला. वडील रावळपिंडीहून फाळणींत आलेले. मुलाचें शिक्षण दिल्लीस झालें. तेव्हां पुणेकरांनीं त्यांच्यावर फार हक्क सांगूं नये हें बरें. १९७९ मध्यें ते इंटेलमध्यें गेले आणि पुढें पेंटियमचा जनक अशी त्यांची ख्याति झाली. एकतीस लक्ष ट्रान्झिस्टरांच्या वस्तूस एकच जनक असतो हें आम्हांस पटत नाहीं, असो. या पेंटियमचीही एक फजिती झाली. १९९४ मध्यें थॉमस नाइसली नांवाचे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळसंख्यांच्या व्यस्तांची बेरीज करीत होते. ती कांहीं केल्या जुळेना. शोध घेतां घेतां दोष यंत्राच्या भागाकारांत निघाला. ४१,९५,८३५ यांस ३१,४५,७२७ यांनीं भागिलें असतां १.३३३८ यावें, तेथें पेंटियम १.३३३७ देई. इंटेलनें आधीं ही चूक क्षुल्लक ठरविली. पण लोकांचा क्षोभ पाहून डिसेंबरांत सर्वांस तुकडा बदलून देण्याचें कबूल केलें व त्यासाठीं ४७.५ कोट डॉलर्स बाजूस काढिले. दशांशचिन्हापुढील चवथ्या घराची एवढी किंमत दुसऱ्या कोणीं मोजल्याचें ऐकिवांत नाहीं.

धाम यांनीं १९९५ मध्यें इंटेल सोडिली व ते नेक्सजेन या लहान कंपनींत गेले. तिला एएमडीनें विकत घेतलें. त्यामुळें ज्यांनीं पेंटियम उभारला तेच त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या कामास लागले. तो प्रतिस्पर्धी के-६. एप्रिल १९९७ मध्यें तो आला, आणि विशेष हें कीं, तो पेंटियमच्याच खोबणींत बसे. घरमालकाच्या खुंटीवर पाहुण्यानें पगडी अडकवावी तसें तें झालें. इंटेलनें पुढच्या पिढीपासून खोबणीच बदलली व ती पेटंटांनीं बांधून टाकिली. मार्च २००० मध्यें सेकंदास एक अब्ज ठोक्यांचा टप्पा एएमडीनें ६ तारखेस गांठला व इंटेलनें ८ तारखेस. दोन दिवसांचें अंतर, पण पोळ्याच्या बैलांचा मान त्या वर्षीं धाकट्या तक्षिमेकडे गेला.

आमच्या मतें या सबंध वादांतील मर्माचा प्रसंग यानंतरचा आहे. बत्तीस अंकी एक्स-८६ बोली आतां अपुरी पडूं लागली होती. चौसष्ट अंकी बोली हवी होती. इंटेलनें ह्यूलेट-पॅकार्डच्या साहाय्यानें अगदीं नवी बोली रचिली, आणि तिचा आयटेनियम हा प्रोसेसर २००१ सालीं आणिला. नव्या बोलीचा परवाना एएमडीजवळ नव्हता; ती रूढ झाली असती तर धाकट्या घराची सनद रद्दी झाली असती. परंतु जुने कार्यक्रम आयटेनियमवर रडतखडत चालत. एएमडीनें उलट मार्ग धरिला: जुन्या बोलीस हात न लावतां तिच्यांतच चौसष्ट अंकांची भर घातली. असा पहिला प्रोसेसर एप्रिल २००३ मध्यें आला. गिऱ्हाइकांस जुने कागद टाकून न देतां नवें सामर्थ्य मिळालें, आणि तें त्यांनीं उचललें. २००४ मध्यें इंटेलनेंही मुकाट्यानें तीच भर आपल्या प्रोसेसरांत घातली. त्या दिवसापासून थोरलें घर धाकट्यानें वाढविलेली भाषा बोलत आहे. आतां सनदांची देवघेव एकतर्फी राहिली नाहीं. एएमडीस जसा इंटेलचा परवाना हवा, तसाच इंटेलला एएमडीचा. तिकोणा पेठेंतील ती साठवणीची डबी दुसऱ्या पेटींत मुकाट्यानें चालली, तिचें कारण या प्रसंगांत आहे.

वैर मात्र शमलें नाहीं. इंटेल संगणक-कंपन्यांस सूट व पैसा देऊन आमचा माल घेण्यापासून परावृत्त करिते, अशी तक्रार एएमडीनें २००५ सालीं न्यायालयांत नेली. युरोपीय आयोगानें मे २००९ मध्यें इंटेलला १०६ कोट युरोंचा दंड केला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत इंटेलनें एएमडीस १२५ कोट डॉलर्स देऊन तंटा मिटविला व परवान्यांचा नवा करार केला. दंडाचा निर्णय युरोपच्या न्यायालयानें २०२२ मध्यें रद्द केला व २०२४ मध्यें तें रद्द करणें कायम झालें. म्हणजे एकानें पैसे घेतले, आणि दुसऱ्याचा तो दंड टळला! नव्या करारांत एक कलम मोठें बोलकें आहे: दोहोंपैकीं कोणतीही कंपनी तिसऱ्याच्या ताब्यांत गेली तर करार संपतो. बाहेरच्यास भावकींत येतां येऊं नये अशीच ही व्यवस्था. सिरिक्ससारखे तिसरे वांटेकरी पूर्वींच क्षीण होऊन गेले होते.

अशी भाऊबंदकी आपणांस काय म्हणून पाहावयाची, असें कोणी विचारील. त्यास आम्ही चार या आकड्याकडे बोट दाखवूं. २००७ च्या सुमारास मेजावरच्या सामान्य संगणकासाठीं इंटेलनें चार गाभ्यांचे, म्हणजे एका तुकड्यांत चार कारकून बसविलेले, प्रोसेसर विकावयास काढिले. त्यानंतर एएमडीचे ग्रह फिरले. आपले कारखानेही तिनें २००९ मध्यें वेगळे काढून दिले, २०११ चा प्रोसेसर फसला, २०१५ मध्यें तिचा भाग दोन डॉलर्सांच्याही खालीं आला. या सर्व काळांत इंटेलचा सामान्य प्रोसेसर चार गाभ्यांवरच राहिला. ज्ञान नव्हतें असें नव्हे. सर्व्हरांसाठींचे प्रोसेसर तीच कंपनी कितीतरी अधिक गाभ्यांचे करीत होती. घाई करावयास कारण उरलें नव्हतें, इतकेंच. २०१४ मध्यें लिसा सू यांनीं एएमडीचीं सूत्रें घेतलीं व मार्च २०१७ मध्यें रायझेन हा आठ गाभ्यांचा प्रोसेसर आला. त्याच ऑक्टोबरांत इंटेलचे सामान्य प्रोसेसर सहा गाभ्यांचे झाले. दहा वर्षें जें झालें नाहीं तें सात महिन्यांत झालें. या दहा वर्षांत संगणक घेणाऱ्या प्रत्येकानें, मावळांतील आमच्या स्नेह्यांसह, दुसऱ्या घराच्या दुर्बलतेचा कर नकळत भरिला आहे.

पुण्यांतील एका वंशावळींतही या भांडणाची सावली पडली आहे. १९८८ मध्यें पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅकचा पहिला महासंगणक, परम ८०००, १९९१ सालीं डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तयार झाला. त्यांत ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर होते. पुढील यंत्रांत सनचे स्पार्क आले, परम पद्मांत आयबीएमचे पॉवर-४ आले. २००८ च्या परम युवामध्यें इंटेल होती, आणि २०२० च्या परम सिद्धींत एएमडी. इन्मॉस आज उरली नाहीं, सनही नाहीं. या दोघांच्या चढाओढींत माल इतका वेगवान व इतका स्वस्त झाला कीं, बाकीच्या बोलींस मोठ्या यंत्रांतही जागा राहीनाशी झाली. दोघांच्या स्पर्धेनें गिऱ्हाइकाचें भलें होतें हें खरें, पण तिसरा त्यांत चिरडतो हेंही तितकेंच खरें. आणि आपल्या देशानें त्या काळांत केलेलीं यंत्रें विकत घेतलेल्या मेंदूंवरच चाललीं. अलीकडे सी-डॅकनें वेगा नांवाचे प्रोसेसर योजिले आहेत. त्यांची बोली रिस्क-फाइव्ह ही आहे. ती कोणाच्याही सनदेची नाहीं. गायरानासारखी आहे, ज्याची गुरें असतील त्यानें चारावीं. गायरानावर गुरें पोसतात किती, हें पाहावयास अजून कांहीं काळ जावा लागेल.

दरम्यान भावकींत निराळेंच वारें वाहूं लागलें आहे. अ‍ॅपलनें २०२० मध्यें इंटेलची साथ सोडून आर्मच्या बोलीचा स्वतःचा प्रोसेसर केला व तो उत्तम निघाला. २०२२ मध्यें बाजारभावानें एएमडी इंटेलहून मोठी झाली. २०२४ मध्यें इंटेलनें हजारों माणसें कमी केलीं व भागीदारांस नफा वांटणें थांबविलें. आणि त्याच वर्षीं १५ ऑक्टोबर रोजीं इंटेल व एएमडी यांनीं मिळून एक सल्लागार-मंडळ स्थापन केल्याचें जाहीर केलें: एक्स-८६ बोलींत यापुढें पडणारी भर दोघांनीं विचारानें घालावी, म्हणजे एकाचे कागद दुसऱ्यास बिनचूक वाचतां येतील. पांच दशकें एकमेकांचे बांध कोरणारे हे दोघे शेजारचा नवा शेतकरी पाहून एका बैठकीस बसले.

ही हकीकत आम्हीं तिकोणा पेठेच्या स्नेह्यांस पत्रानें कळविली. उत्तरीं त्यांनीं लिहिलें कीं, सात नांवांच्या त्या गटाची मोजणी झाली, दोघे चुलतभाऊ अद्याप सही करीत नाहींत, आणि वापरलेली पेटी ठीक चालली आहे.